पहिल्या वर्षाचं गणित

शिरगावला बसमधून उतरला तेव्हा गुरुदासच्या पांढऱ्या शर्टावर खाणीची तांबडी धूळ बसली होती. पार्सेहून म्हापसा, म्हापशाहून डिचोली आणि डिचोलीहून इथे, अशा तीन बस झाल्या होत्या. काखेतल्या पिशवीत एक वही होती. वहीत बारा उदाहरणं होती आणि त्यांतलं एकही त्याला सुटलेलं नव्हतं.

उत्तरं सोमवारी दहा वाजता वर्गात हवी होती. आज रविवार.

आधीच्या दोन असाइनमेंट अशाच रखडल्या होत्या. प्रिन्सिपलांनी केबिनमध्ये बोलावून शांतपणे सांगितलं होतं की तिसऱ्या वेळी असं झालं तर पुढच्या टर्मचं काय करायचं ते ठरवावं लागेल. मागच्या मंगळवारी तर तो फळ्यासमोर अर्ध्यातच अडला. हातातला खडू तसाच राहिला. पहिल्या बाकावरची कमलाक्षी मान खाली घालून हसली, मग मागची सगळीच हसली.

गणित त्याने मागितलंच नव्हतं. त्याला फिजिक्स हवं होतं. जूनमध्ये कॉलेजातल्या कारकुनाने सांगितलं की फिजिक्सच्या जागा भरल्या, गणितात एक आहे, सही करायची तर आजच. त्याने केली. आई, देवकी, काजूच्या बागेत राबून राबून वाकली होती. तिने त्याच संध्याकाळी वाड्यावर घरोघर पेढे दिले. गुरुदास कॉलेजात जाऊ लागला, एवढंच ती सगळ्यांना सांगत होती आणि सांगताना पदराने डोळे पुसत होती. आता कॉलेज सुटलं तर तिच्यासमोर कुठल्या तोंडाने उभं राहायचं, हे त्याला कळत नव्हतं.

कृष्णनाथ मास्तरांचं नाव त्याला गेल्या आठवड्यात बसमध्ये भेटलेल्या एका म्हाताऱ्याने सांगितलं होतं. हायस्कुलातून निवृत्त झालेले, पण मोठमोठी गणितं वाचणारे. मास्तर सोप्यावर बसले होते. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन आठच दिवस झाले होते. एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्यावर हिरवा चष्मा.

"खंयचो रे तू?"

"पार्सेचा."

"कितव्या वर्षाचं गणित?"

"पहिल्या वर्षाचं. बी.एस्सी."

गुरुदासने वही पुढे केली. मास्तरांनी ती चाचपून परत दिली. डॉक्टरांनी लिहिणं-वाचणं महिनाभर बंद केलं आहे, म्हणाले. उत्तरं लिहून घ्यायची आणि संध्याकाळच्या बसने परतायचं, एवढ्याच आशेवर गुरुदास आला होता. त्याने कसंबसं सांगितलं की उद्या ही बारा उदाहरणं झाली नाहीत तर त्याला कॉलेज सोडावं लागेल.

"एक वर्ष फुकट गेलं तर गेलं," मास्तर म्हणाले. "परत बसायचं."

"मला परत बसता येणार नाही, मास्तर."

आतून मास्तरांची बायको सुशीला बाहेर आली. तिने त्याच्याकडे पाहिलं, चहा आणि उंडे पाव आणून ठेवले आणि नवऱ्याला हळूच म्हणाली, वाचता येत नसलं तरी ऐकू येतं ना?

मास्तर पुढे सरकून बसले. मग म्हणाले, "वाच."

त्याने पहिलं उदाहरण वाचलं. दिलेल्या प्रत्येक एप्सिलॉनसाठी डेल्टा शोधा. ही ओळ त्याने शंभर वेळा घोकली होती आणि शंभरही वेळा ती त्याला भिंतीसारखी वाटली होती.

"ही सुशीला सांगते, भात इतकाच मऊ हवा," मास्तर म्हणाले. "फार तर एवढा इकडेतिकडे. ते तिचं एप्सिलॉन. ते तिने ठरवायचं, तू नाही. मग पाणी मोजताना किती चूक चालेल ते तू शोधायचं. ते डेल्टा. तिने हट्ट वाढवला की तू पाणी आणखी जपून मोजायचं. ती कितीही हट्टी झाली तरी तुला मोजता आलं, म्हणजे गणित सुटलं."

गुरुदास वहीकडे बघत राहिला. मग त्याने पेन्सिल उचलली. पहिलं उदाहरण सोडवायला पाऊण तास लागला. मास्तर एकही आकडा सांगत नव्हते, फक्त विचारत होते. का? मग पुढे? हे कशावरून? दुसऱ्याला अर्धा तास लागला. दुपारी सुशीलाने दोघांना जेवायला वाढलं. तिसऱ्या प्रहरी अकरावं सुटलं, तेव्हा मास्तरांनी पाठ टेकली.

"डोकं चांगलं आहे तुझं. मग तुझा प्रोफेसर वर्गात करतो काय?"

गुरुदासच्या कानांच्या पाळ्या तापल्या. "शिकवतात. पण कुणाला समजत नाही."

"मग त्यालाच समजलेलं नसेल. समजलेल्या माणसाला सांगता येतं. तो काय करणार, पाठ करून येत असेल." मास्तर हसले. "एकदा माझ्याकडे पाठव त्याला. सांग, लाजू नको म्हणावं."

"सांगतो," गुरुदास म्हणाला. बाराव्या उदाहरणावर त्याने मान आणखी खाली घातली.

निघताना त्याने मास्तरांचे पाय धरले आणि बराच वेळ सोडले नाहीत.

सोमवारी सकाळी तो पहिल्या बसने निघाला. वाटभर त्याने बाराही उदाहरणं वही न उघडता मनात सोडवली. कॉलेजचा जिना तो दोन-दोन पायऱ्यांनी चढला. दहाची घंटा झाली. वर्गातला कालवा व्हरांड्यापर्यंत ऐकू येत होता. तो दारात पोचला तसा कालवा एकदम थांबला, बाकं खडखडली आणि पहिल्या वर्षाची बेचाळीस मुलं उठून उभी राहिली.

"बसा," गुरुदास म्हणाला आणि त्याने हजेरीपट टेबलावर ठेवला.