मागची खूण

पर्यटकांची मिनीबस मी चालवते. गाडी मागे घ्यायची असली की आमचे हे खाली उतरून मागच्या पत्र्यावर थाप मारतात. दोन थापा म्हणजे ये, एक म्हणजे थांब. सगळ्या संसारात एवढ्या एका भाषेवरून आमचं कधी बिनसलं नाही.

त्या दुपारी कड्याजवळच्या वाहनतळावर पाय ठेवायला जागा नव्हती. आरशात नुसत्या टोप्या आणि फोटोसाठी वर केलेले हात. दोन थापा पडल्या. मी गाडी मागे घेतली. पुन्हा दोन पडल्या.

"ताई, जरा दमानं. मागे दरी आहे," पहिल्या सीटवरच्या आजी म्हणाल्या.

"मागे आमचे हे उभे आहेत, आजी. स्वयंपाकात लुडबुड करतात, पण इथे चुकत नाहीत."

सगळी गाडी हसली.

तेवढ्यात हे समोरून धावत आले, हातात पार्किंगची पावती. "अगं, थांब! मला मागे जाऊ तरी दे!"

मी करकचून ब्रेक दाबला. आरशात आता माणसं नव्हती, नुसतं आभाळ होतं.

मागून दोन थापा पडल्या.

हे समोरच होते, काचेपलीकडे. माझे दोन्ही पाय ब्रेकवर होते.

गाडी मुकाट्यानं मागे सरकली.