गव्हाणीतली काडी

चर्चचं दार मागे लागल्याचा आवाज आला तेव्हा मी नाताळच्या गोठ्यासाठी पेंढा कापत होते. भर दुपार, आत माझ्याशिवाय कोणी नाही.

वळून पाहिलं तर पास्कू. नऊ वर्षांपूर्वी बांधाच्या भांडणात माझ्या लेकावर, इनासवर, कोयता चालवून त्याचा जीव घेणारा पास्कू. सोमवारी तुरुंगातून सुटल्याचं कानावर आलं होतंच. बाकांमधून तो सरळ माझ्याकडेच येत होता. माझी बोटं कोयत्याच्या मुठीवर आवळली.

तो दोन हातांवर थांबला. "मावशी, गव्हाणीत एक काडी टाकू?"

आमच्याकडे आगमनकाळात, नाताळआधीच्या चार आठवड्यांत, बाळ येशूची गव्हाण रिकामी ठेवतात. ज्याच्या हातून काही चांगलं घडेल त्याने तिच्यात एक काडी टाकायची. नाताळपर्यंत बाळाचं अंथरूण होतं.

"काय चांगलं केलंस?"

"काहीच नाही."

"मग काडी कशाची?"

त्याने मान खाली घातली, पण पाऊल मागे घेतलं नाही. ती वाकलेली मान माझ्या हाताच्या टप्प्यात होती. एक घाव, एवढंच माझ्या मनात आलं. बराच वेळ तेवढंच होतं.

मग मी कोयता फिरवला आणि मूठ त्याच्यापुढे केली. "अर्धा भारा उरलाय. काप, मग टाक."

त्याच्याकडे पाठ करून मी गव्हाणीपुढे गुडघे टेकले. आता माझी मान उघडी होती. मागे काहीच हालचाल नव्हती, त्याचा श्वास तेवढा ऐकू येत होता.

मग कचकन पेंढा कापला गेला, आणि मी गव्हाणीत एका काडीची जागा केली.