सगळे हसताहेत असा फोटो

होडी धक्क्याला लागायच्या आत साइमीने कॉफी उकळत ठेवली होती. उतरणाऱ्या माणसाच्या गळ्यात कॅमेरा दिसला आणि तिचा जीव भांड्यात पडला. लेकीने शब्द पाळला होता. "मला सुट्टी मिळत नाही गं आई, पण गुरुवारी एक फोटोवाला पाठवते," असं ती दक्षिणेतून फोनवर म्हणाली होती. आज गुरुवार.

"पेंटिला," त्याने नाव सांगितलं. माणूस पन्नाशीचा, मान खाली घालून बोलणारा. "मी कशासाठी आलोय ते तुम्हाला ठाऊक असेलच."

"म्हणजे काय! सकाळपासून वाट बघतोय."

तो चमकला. "माझी? सहसा कुणी बघत नाही."

"बसा हो, पाहुणे. आधी कॉफी."

त्या सरोवराकाठी आलेल्याला आधी कॉफी देतात, मग दुसरी, आणि तिसरा कप संपेपर्यंत काम विचारणं कुणाला शोभत नाही. पेंटिलाला तिसऱ्या कपासोबत धुरावलेला मासा मिळाला, त्यामुळे विचारायचं राहूनच गेलं.

साइमीला एकच फोटो हवा होता. नवरा ओइवा, दोन्ही मुलगे आणि ती, सगळे हसताहेत असा. यार्मो आणि कारी दोन वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. कारण काय, तर होडीचं इंजिन. यार्मोने ते मागून नेलं, सरोवराच्या तळाशी घातलं, आणि वर म्हणाला की कारीने ते नीट बसवलंच नव्हतं. यंदा दोघं रानातल्या ह्या लाकडी घरात सुट्टीला आले होते ते केवळ आईचं मन मोडवेना म्हणून. 'मीठ दे' हेसुद्धा आईमार्फत. पुढच्या उन्हाळ्यात येतील याचा तिला भरवसा नव्हता.

"एक तरी असा काढा," ती पेंटिलाच्या कानाशी म्हणाली, "ज्यात चौघं असतील."

"चौघं आले तर उत्तमच," तो म्हणाला. "नाहीतर मागाहून एकेक जण म्हणतो, मी तिथे नव्हतोच."

"अगदी माझ्या मनातलं बोललात!"

पण फोटोवाला जरा विचित्रच होता. चेहरे राहिले बाजूला, त्याने आधी काठावरच्या सौनाचे, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराचे, चारी बाजूंनी फोटो काढले. मग छपराचा. मग गवतात आडवं पडून पायाच्या दगडांचा. डास त्याच्या टकलावर जेवायला बसले होते, पण त्याचं लक्ष नव्हतं. शेवटी त्याने खिशातून मोजपट्टी काढली.

"आई, हा काय करतोय?" कारीने विचारलं.

"आई, त्याला सांग, कलाकार असेच असतात," यार्मो म्हणाला.

"अरे, अंतर मोजल्याशिवाय चित्र स्पष्ट येत नाही," ओइवा म्हणाला. "जुन्या पद्धतीचा माणूस दिसतोय. शिका जरा."

पेंटिलाने सौनाच्या लाकडावरून हात फिरवला. "सुंदर काम आहे," तो म्हणाला आणि त्याने सुस्कारा सोडला. "कुणी बांधला?"

ओइवाची छाती फुगली. "आम्ही! मी आणि ह्या दोघांनी, चार उन्हाळ्यांपूर्वी."

"छप्पर माझं," यार्मो म्हणाला.

"पाया माझा," कारी म्हणाला. "पाया नसता तर छप्पर कुठे ठेवलं असतंस, ते विचार त्याला, आई."

पेंटिलाने दोन्ही नावं वहीत टिपली. "आणि कागद? आराखडा?"

"कसला कागद!" ओइवाने कपाळावर बोट आपटलं. "सगळं इथे. पाण्याला इतका खेटून सौना ह्या अख्ख्या सरोवरावर दुसरा दाखवा. वाफ घ्यायची, दार उघडायचं, तीन पावलं, की पाण्यात!"

पेंटिलाचं पेन थांबलं. "तीन? चालून दाखवाल?"

न दाखवायला काय झालं! दुपारी सौना तापल्यावर ओइवा आत गेला, मुलगे मागोमाग. थोड्या वेळाने तिघं पंचे गुंडाळून, उकडलेल्या बटाट्यासारखे वाफाळत दारात आले. साइमीही येऊन उभी राहिली.

"एक," ओइवा गरजला. "दोन."

तिसऱ्या पावलाला फळी शेवाळलेली निघाली. ओइवा पाठीवर पाण्यात गेला आणि फुरफुरत वर आला.

"अडीच!" तो ओरडला. "अडीचच भरली! लिहा!"

दोन्ही मुलगे पाण्यात उतरले होते. एकाने एक बखोट धरलं, दुसऱ्याने दुसरं.

"नीट धर रे," कारी यार्मोला म्हणाला, "नाहीतर म्हाताऱ्यालाही तळाशी घालशील."

दोन वर्षांतलं ते पहिलं थेट वाक्य होतं. मग यार्मो हसत सुटला, इतका, की बापाचं बखोटच सुटलं. ओइवा पुन्हा बुडाला आणि हसतच वर आला. कारी गुडघ्यावर बसून हसला. साइमी दाराला धरून हसली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

कॅमेरा वाजला.

निघताना पेंटिलाने दोन्ही हातांनी तिचा हात धरला. "बाई, वीस वर्षं हे काम करतोय. माणसं कुत्रा सोडतात अंगावर. घरच्यांनी इतकी मदत कधीच केली नव्हती."

"फोटो लवकर पाठवा हं," तिने त्याच्या हातात मुरांब्याची बरणी कोंबली.

"त्याची काळजी नको. आमच्याकडून उशीर होत नाही."

उरलेल्या आठवड्यात दोघा भावांनी गळ टाकून इंजिनही वर काढलं. ते सुरू काही झालं नाही, पण त्यावरून दोघं एकमेकांशी थेट भांडले, आणि साइमी आत बसून ते गाणं ऐकावं तसं ऐकत राहिली.

सप्टेंबरात जाडसर पाकीट आलं. तिने ते स्वयंपाकघरातच फाडलं. वरच फोटो होता. पाण्यात ओइवा, दोन्ही बाजूंना मुलगे, दारात ती स्वतः, मागे लख्ख सौना. चौघांचे डोळे उघडे, चौघं हसताहेत. तिने तो छातीशी धरला, मग चष्मा पुसून मागची बाजू वाचली.

'नगरपालिका, बांधकाम तपासणी. पुरावा क्रमांक सात. विनापरवाना सौना, पाडण्याचा हुकूम सोबत. चित्रात: चारही दोषी, कबुली देताना.'