उजवा कौल

ईशाने उत्तर ध्रुवाजवळच्या बोटीवरून फोनवर एक आवाज ऐकवला, तेव्हा इकडे रत्नागिरीत तिच्या बापाच्या, धाकू तांडेलाच्या ओटीवर जमलेल्यांनी "भजी तळतायत" असा एकमुखी निकाल दिला. "बाबा, समुद्राला टेकलेली हिमनदी वितळतेय. बर्फात कोंडलेली हवा फुटते, ते आम्ही पाण्याखाली माईक सोडून ऐकतो. जेवढा आवाज, तेवढं वितळणं. यंदा कानठळ्या बसल्या. नवं घर किनाऱ्यावर नको, वर डोंगरमाथ्याला सड्यावर बांधा." "बाय, चिरे येऊन पडले. देवाने उजवा कौल देऊन होकारसुद्धा दिला." "काय विचारलंत?" "घर बांधू काय, म्हणून." "राहील काय, ते विचारा." धाकू धुसफुसत देवळात गेला आणि लेकीचा प्रश्न घातला. गुरवाने कौलाची ओली पाकळी देवाच्या अंगाला लावायला उचलली होती, ती तशीच तबकात ठेवली. "धाकू, हे नको रे विचारू. आपलं देऊळ पण किनाऱ्यालाच आहे."