बर्फातली खसखस

खलाशी शाहीदने उत्तर ध्रुवाकडून आईला, वजीराला, एका पिवळ्या फुलाचं बी पाठवलं होतं. तिथे बर्फात उगवणारी रानखसखस. "फूल दिवसभर सूर्याबरोबर फिरता, अम्मी," तो फोनवर म्हणाला होता. पुढच्याच फेरीत त्याचं जहाज बुडालं.

बी मालवणच्या उकाड्यात, मे महिन्यात फुललं. कुंडी माजघरात होती. तिथे ऊन येत नव्हतं, तरी फूल फिरायचं. सकाळी दाराकडे, मग खुंटीवरच्या शर्टाकडे, दुपारी शाहीदच्या पाटाकडे. तो सुट्टीवर आला की घरात असाच वावरायचा. वजीरा पाटासमोर ताट वाढू लागली.

शुक्रवारी नवरा दाऊद म्हणाला, "किती वाट बघतलंस गो? मय्यत गावली नाय, तरी आज जनाज्याची नमाज होवंदे."

ती ताटाशीच बसून राहिली. दुपारी मशिदीच्या भोंग्यावर शाहीदचं नाव ऐकू आलं. पाटाकडे तोंड केलेलं फूल हळूहळू दाराकडे निघालं.

"जेवन तरी जा रे," वजीरा म्हणाली.

फूल अर्ध्यावर थांबलं. मग तिच्याकडे वळलं, वाकलं, आणि मांडीवर तिची साडी ओली व्हायला लागली, बर्फासारखी गार.