चार बोटांचा दावा

“बोटं किती गेली?” बळवंतरावांनी विचारलं.

“चार. उजव्या हाताची. अंगठा तेवढा राहिलाय.” नीरजाने मांडीवरची फाईल घट्ट धरली.

चहा घेऊन आलेल्या त्यांच्या पत्नी सुनंदाबाई ट्रे हातात धरून तशाच उभ्या राहिल्या.

गाझियाबादच्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये रविवारी असं कुणी ना कुणी यायचंच. बळवंतराव बत्तीस वर्षं कामगार भरपाईच्या दफ्तरात कारकून होते. रिटायर झाल्यावर मराठी मंडळाच्या ग्रुपवर कुणीतरी त्यांचा नंबर टाकला, तेव्हापासून लोक जिना चढून येत. आता त्यांना याचा शीण व्हायचा. पण नाही म्हणवत नसे.

“नाव काय?”

“निखिल. सात वर्षांत एक खाडा नाही. मार्चमध्ये प्रेस मशीनमध्ये हात गेला.” तिचे डोळे जागरणाने सुजलेले होते. “आपल्या माणसाचं असं झालं की झोप लागत नाही, काका.”

“ईएसआयचं, कामगार विम्याचं कार्ड?”

“बनवायचं राहून गेलं.”

“म्हणजे थेट कंपनीवर दावा.” बळवंतरावांनी चष्मा पुसला. “हे बघा, लोकांना वाटतं चूक आपलीच होती, मग मागायचं कशाला? तसं नसतं. कामावर असताना, कामामुळे लागलं, एवढं पुरे. बेसावध असला तरी भरपाई मिळते.”

“मग कंपनीला काहीच बोलता येत नाही?”

प्रश्न त्यांना आवडला. एरवी येणारी माणसं नुसती रडत. या मुलीचं डोकं थंड होतं.

“येतं ना. दारू प्यायला होता म्हणतील. किंवा मशीनची सुरक्षेची जाळी मुद्दाम काढली म्हणतील. जाळी होती?”

“काढलेली होती. जाळी लावली की माल कमी निघतो. सगळेच काढतात तिथे.”

“काढायला सांगितलं कुणी?”

“सुपरवायझरने.”

“बिल्कुल घाबरू नका मग. जाळी काढायची नाही असं त्याला लेखी बजावलं होतं, आणि त्यावर त्याची सही आहे, असा कागद कंपनीला आणावा लागेल. आहे असा कागद?”

“नाही,” ती लगेच म्हणाली. “असा कागद नाहीच.”

“मग कसले उभे राहतात ते!”

नीरजाने पेन काढून लिहून घेतलं. सही कुठे असते, तारीख किती आधीची लागते, साक्षीदार किती, सगळं पुन्हा विचारून घेतलं. बळवंतराव सांगत गेले. दफ्तराच्या खिडकीत बसून त्यांनी कितीतरी कामगारांना एका कागदापायी रिकाम्या हाताने परत जाताना पाहिलं होतं. तेव्हा दोन्ही बाजूंपैकी कुणालाच काही सांगायची मुभा नव्हती. फाईल घ्यायची, शिक्का मारायचा, पुढची तारीख द्यायची. ती बत्तीस वर्षं त्यांच्या अंगात साठून राहिली होती.

“घरी त्याचं कोण करतं गं?” सुनंदाबाईंनी विचारलं.

“बहीण आलीय गावाहून.”

“बरं झालं. तुझीही नोकरी असेल ना?”

“हो. नोकरी सांभाळूनच चाललंय सगळं.”

निघताना सुनंदाबाईंनी तिच्या हातात बेसनाच्या लाडवांचा डबा दिला. “निखिलला दे. म्हणावं, होईल नीट.”

नीरजा डबा घेऊन दारातच उभी राहिली. मग ती खाली वाकून सँडल घालू लागली.

त्यानंतर ती तीनदा आली. प्रत्येक वेळी आधीपेक्षा थकलेली, गालफडं बसलेली. “साहेब रोज विचारतात काय झालं, काय झालं,” एवढंच एकदा म्हणाली. बळवंतरावांनी ऑफिसमधल्या त्या साहेबाला मनातल्या मनात शिवी हासडली. सुनावणी गुरुवारची होती. “तुम्ही यायची तकलीफ घेऊ नका काका,” तिने दोनदा बजावलं.

तरी ते निघाले.

“तुमचं काय काम तिथे? गुडघे बघा आधी,” सुनंदाबाई म्हणाल्या.

“काम काही नाही. पण ओळखीचं कुणी मागे बसलेलं असलं की माणसाला धीर येतो.”

दोनदा मेट्रो बदलून आणि पुढे शेअर ऑटोने ते पोचले तेव्हा शर्ट पाठीला चिकटला होता. सुनावणीच्या खोलीत पंखा गरगरत होता. पहिल्या बाकावर नीरजा होती. भिंतीशी एक सावळा तरुण उजवा हात गमछ्यात गुंडाळून उभा होता, आणि त्याच्या शेजारी तशाच चेहऱ्याची एक बाई. निखिल आणि त्याची बहीण, बळवंतरावांनी लगेच ओळखलं. पोरगा खंगलाय. त्यांना भरून आलं.

ते नीरजाच्या मागे जाऊन बसले. तिने वळून पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला.

“काका? तुम्ही कशाला आलात?”

“असू दे. घाबरू नकोस. सांगितलं तसंच कर.”

ती काहीतरी बोलणार होती, तेवढ्यात शिपायाने निखिलचं नाव पुकारलं. सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी कागदावरून नजर न उचलता विचारलं, “कामगार की तरफ से?”

“मैं खुद हूँ, साहब. निखिल. साथ में बहन है.” तो टेबलापाशी गेला. डाव्या हातातले कागद सुटून खाली पडले, बहिणीने ते गोळा केले.

नीरजा जागची हलली नाही. बिचारीला ऐकूच गेलं नसेल. बळवंतरावांनी पुढे वाकून तिच्या खांद्याला हळूच बोट लावलं. “ऊठ बेटा, त्याच्याजवळ जाऊन उभी राहा.”

तिने मान खाली घातली.

“और फैक्टरी की तरफ से?” साहेबांनी विचारलं.

तेव्हा नीरजा फाईल घेऊन उठली.