चौतीस वर्षांचं झाड

बोन्साय शिकवणाऱ्या बाईंनी कुंडीच्या कडेने पातळ सुरी फिरवली आणि सासऱ्यांशेजारी बसलेली सून सुरीकडे बघत राहिली.

"घट्ट बसलंय," बाई म्हणाल्या. "काका, किती वर्षांचं म्हणालात?"

"चौतीस," सासरे म्हणाले. "हिच्या नवऱ्याच्या वयाचं."

"आणि त्याच्यापेक्षा गुणी," सून म्हणाली. "बसवलं तिथे बसतं तरी."

हॉलमधली माणसं हसली. ती हसली नाही.

वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर बोन्सायची कार्यशाळा होती. लांब टेबलांवर जुनी वर्तमानपत्रं पसरलेली. प्रत्येकापुढे एक झाड, कात्री, तार आणि मुळं विंचरायचा वाकडा काटा. शेजारच्या टेबलावर दातांचा डॉक्टर आपल्या झाडाला तार गुंडाळत होता आणि कोणी ऐकतंय का ते बघून विनोद करत होता.

कार्यशाळा ही नवऱ्याने वडिलांना दिलेली वाढदिवसाची भेट. "बाबांचा जीव आहे त्या झाडात," असं म्हणून त्याने दोन नावं नोंदवली. बाबांचं आणि बायकोचं. स्वतःचं नाही. प्रेम त्याचं, हात दुसऱ्याचे.

झाड मूळचं सासूबाईंचं. मुलगा झाला त्या वर्षी त्यांनी फायकसचं, वडाच्या जातीचं, बोटभर रोप कुंडीत लावलं. जाताना सासऱ्यांचा हात धरून म्हणाल्या, "माझं झाड जगवा." मरणारं माणूस एक वाक्य बोलून मोकळं होतं. ते ओढायचं मागे राहिलेल्यांनी. सासऱ्यांनी नऊ वर्षं ओढलं. उन्हाळ्यात दिवसातून दोनदा पाणी. परगावी लग्नाला गेले तरी रात्रीच्या आत घरी. दूर राहणारी लेक दरवर्षी म्हणायची, "बाबा, या ना इकडे. कायमचे या. तुमची खोली तयार आहे." हे म्हणायचे, "येतो गं. पण झाड आहे ना."

गेल्या वर्षी एकदाचे लेकीकडे गेले. चाळीस दिवस. झाड सुनेच्या गळ्यात.

आठव्या दिवशी पानं गळायला लागली. विसाव्या दिवशी फांदीला हात लावला तर ती कडकन मोडली. एक दिवस पाणी चुकलं नव्हतं. उन्हात हलवलं, सावलीत हलवलं, खत घातलं, रडून झालं. मग मोबाइलवर फोटो घेऊन तिने अकरा नर्सऱ्या पालथ्या घातल्या. अकराव्या नर्सरीत जवळजवळ तसंच झाड मिळालं. त्याच कुंडीत बसवून घेतलं. घरात कोणाला पत्ता लागला नाही. नवऱ्याला स्वतःचे मोजे ओळखता येत नाहीत, तो झाड काय ओळखणार!

सासरे परतले ते बॅग दारात टाकून थेट गॅलरीत. हिरवंगार झाड बघितलं, कठडा धरला आणि ढसाढसा रडले. "बघ, किती जीव आहे," नवरा तिच्या कानात म्हणाला. त्यानंतर खरं बोलायची तिची हिंमत झाली नाही. लेकीकडे जायचा विषयही त्यांनी पुन्हा काढला नाही.

बाईंनी झाड उचललं. मातीचा गोळा बाहेर आला आणि बाईंनी तो उजेडाकडे फिरवून बघितला.

"कीड लागली का?" डॉक्टर वाकून म्हणाला. "माझ्याकडे पाठवा. मुळं साफ करणं हाच आमचा धंदा."

"तुम्ही तार बघा, डॉक्टर. गळा आवळताय बिचाऱ्याचा."

मुळं गोल गोल वळलेली होती, नर्सरीच्या पिशवीचा आकार घेऊन. बुडाशी जाड मूळ छाटल्याचा चट्टा, फार तर वर्षभराचा. उथळ कुंडीत आयुष्य काढलेल्या झाडाची मुळं चपटी पसरतात, हे तासाभरापूर्वी बाईंनीच शिकवलं होतं. त्यांनी सुनेकडे बघितलं. सुनेने एवढीशी मान हलवली. नको.

"मुळं तरुण आहेत, काका," बाई सावकाश म्हणाल्या. "कसं राखलंत, सांगा की सगळ्यांना."

"पाणी घातलं रोज. दुसरं काय करणार?"

बाई पुढच्या टेबलाकडे गेल्या. बिंग फुटलं नव्हतं. आता फुटणारही नव्हतं. घरी जायचं, कुंडी गॅलरीत ठेवायची, संपलं. पण सासरे चष्मा सावरत काट्याने एकेक मूळ सोडवत होते. लहान मुलीच्या केसांतला गुंता सोडवावा तसे. तिला ते बघवेना.

"मुळं धर जरा," ते म्हणाले.

"बाबा, हे आईंचं झाड नाही."

काटा थांबला नाही. "माहीत आहे."

"कधीपासून?"

"आलो त्या दिवसापासून. अगं, नऊ वर्षं रोज तोंड बघितलंय त्याचं."

"मग बोलला का नाहीत?" तिचा आवाज चढला. डॉक्टरने मान वळवली. ती पुटपुटली, "वर्षभर नीट झोपले नाहीये मी. शपथ घेते बाबा, एक दिवस पाणी चुकवलं नाही. सगळं तुम्ही सांगितलं तसंच केलं. काय चुकलं तेच कळत नाही मला."

सासऱ्यांनी काटा खाली ठेवला. हात वर्तमानपत्राला पुसले. बराच वेळ पुसत राहिले.

"तुझं काहीच चुकलं नाही," ते म्हणाले. "मी निघालो त्या सकाळी, तू माझा डबा भरत होतीस तेव्हा, त्या कुंडीत पातेलंभर उकळतं पाणी मीच ओतलं होतं."